एकदाच पाठवायचं, सगळ्यांना पोचवायचं: प्रकल्पाच्या नोंदी

१४ जुलै २०२५, सोमवार

आजपासून नोंदवही सुरू. रोज लिहिलं नाही तरी चालेल, पण काही बिघडलं तर त्याच संध्याकाळी लिहायचं, असं मॅडमनी बजावलंय. महिन्याने आठवून लिहायला बसलं की माणूस चुका गाळतो, आणि आपल्या मागून येणाऱ्याला नेमक्या त्याच हव्या असतात.

काम थोडक्यात असं. एकच मजकूर, मग तो तासाचा व्हिडिओ असो, आवाज असो की पुराचा इशारा, एकाच वेळी शे-दोनशे फोनवर पोचवायचा. अट एकच: ऐकणारे वाढले म्हणून पाठवणाऱ्यावरचा भार वाढता कामा नये. रेडिओला हे जन्मापासून जमतंय. पुण्यात ७९२ किलोहर्ट्झवर एक माणूस ऐकतोय की पाच लाख, हे त्या मनोऱ्याला कळतही नाही आणि कळायची गरजही नाही. फोनचं तसं नाही. हॉस्टेलच्या मेसमध्ये साठ मुलं एकाच मॅचकडे डोळे लावून बसतात तेव्हा त्या मॅचच्या साठ प्रती वेगवेगळ्या उतरत असतात. एका प्रतीला १.५ एमबीपीएस धरलं तरी झाले ९०. आणि बाजूच्याच टीव्हीला छतावरच्या एका डिशमधून तीच मॅच दिसत असते.

आम्ही तिघं. मी दूरसंचारची, एमटेकच्या दुसऱ्या वर्षाला. संगणक विभागातला पीएचडी करणारा दादा नेटवर्कचा. तिसरी माझी शाळेपासूनची मैत्रीण, माध्यम अभ्यासाची, जी सामुदायिक रेडिओवर आठवड्यातून दोनदा कार्यक्रम करते. तिघांच्या तीन भाषा. ‘चॅनेल’ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर अँटेनांमधली हवा येते, दादाला वाय-फायचा क्रमांक दिसतो, तिला बातम्यांचा लोगो.

१७ जुलै, गुरुवार

दिवसभर वायरशार्क (जाळ्यातली पाकिटं उघडून दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून बसले होते. एका लॅपटॉपवरून एफएफएमपेग या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरने व्हिडिओ यूडीपीवर (पोच न मागता पाकिटं पाठवण्याची पद्धत) सोडला, दुसऱ्यावर पकडला. प्रत्येक पाकिटाच्या पोटात १३१६ बाइट. हाच आकडा का, म्हणून खोदत गेले.

एमपेगची ट्रान्सपोर्ट स्ट्रीम, म्हणजे डिजिटल टीव्हीचं चित्र आणि आवाज वाहून नेणारा प्रवाह, १८८ बाइटांच्या तुकड्यांनी बनते. इथरनेटच्या पाकिटात १५०० बाइट मावतात, त्यातले २८ आयपी आणि यूडीपीच्या शीर्षकांना जातात. उरतात १४७२. सात तुकडे घातले तर १३१६, आठ घातले तर १५०४, म्हणजे मावत नाहीत. म्हणून सात. इथवर सरळ आहे.

पण १८८ का? हे दादाने सांगितलं आणि मी खुर्चीतून उठलेच. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सगळ्यांना वाटत होतं की पुढचं टेलिफोनचं जाळं एटीएमचं असणार (पैशाचं मशीन नव्हे, त्याच नावाचं नेटवर्क). त्यात ५३ बाइटांचा ठरलेला डबा: ५ बाइट पत्त्याचे, ४८ मालाचे. या ४८ ची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेला ६४ हवे होते, युरोपला ३२, शेवटी मधला आकडा धरला. त्या ४८ मधला एक बाइट क्रम राखायला गेला की उरतात ४७, आणि चार डब्यांचे मिळून १८८. म्हणजे टीव्हीवाल्यांनी आपला तुकडा टेलिफोनवाल्यांच्या डब्यात बसेल असा बेतून घेतला होता. पुढे एटीएम मागे पडलं, इंटरनेटने बाजी मारली, पण टीव्ही अजून त्याच मापाचे कपडे घालतोय. दूरसंचार, नेटवर्क आणि प्रसारण एकत्र येणार, असं आपण भविष्यकाळात बोलतो. माझ्या पडद्यावरच्या प्रत्येक पाकिटात तिघं आधीच दाटीवाटीने बसलेत.

प्रत्येक तुकड्याच्या तोंडाशी हेक्समध्ये (सोळाच्या मोजणीत) ४७ असतं, ओळख पटवायला. स्क्रीनवर बोटाने मोजले. सात वेळा ४७, दर १८८ बाइटांनी.

१९ जुलै, शनिवार

पहिली देवाणघेवाण. हे नाव मैत्रिणीने सुचवलं, मला ‘परिसंवाद’पेक्षा आवडलं. कल्पना नवी नाही. लिव्हरपूलच्या जॉन मूर्स विद्यापीठात दूरसंचार, नेटवर्किंग आणि प्रसारण यांच्या संगमावर फक्त पदव्युत्तर विद्यार्थ्यांची परिषद २००० पासून भरत गेली. अर्धवट काम घेऊन यायचं, दुसऱ्या क्षेत्रातल्यांसमोर मांडायचं. आमच्याकडे तेवढं मोठं काही नाही. एक वर्ग, एक फळा, तीन विभागांतले सतराजण आणि किटलीभर चहा.

नियम दोन ठेवले. पूर्ण झालेलं काम आणायचं नाही. आणि बोलणाऱ्याचा प्रश्न आधी दुसऱ्या विभागातल्या कोणीतरी आपल्या शब्दांत परत सांगायचा, मगच चर्चा. या दुसऱ्या नियमातच पहिले दोन तास गेले, आणि ते सत्कारणी लागले असं मला मनापासून वाटतं.

मैत्रिणीने कायद्याची बाजू मांडली. तार कायदा १८८५ चा, बिनतारी यंत्रांचा १९३३ चा, केबलचा १९९५ चा. त्याच १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं सांगितलं. २००१ मध्ये सगळं एका छत्राखाली आणणारं कन्व्हर्जन्स विधेयक लोकसभेत आलं आणि तसंच विरून गेलं. जानेवारी २००४ मध्ये प्रसारण ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, कक्षेत आलं, पण मजकुराचं बघणार माहिती आणि प्रसारण मंत्रालय. तिचा प्रश्न असा: फोनवर आलेलं चित्र प्रसारण की दूरसंचार? आमच्या विभागातला एकजण म्हणाला, "आमच्यासाठी दोन्ही बिटच." त्यावर ती म्हणाली, "बिट तुमचे, पण परवाना वेगळा." मला तिचं पटलं. ज्या लहरींवर आम्ही गणितं मांडतो त्या कोणाच्या, हा प्रश्न आमच्या अभ्यासक्रमात एका ओळीतही नाही.

संगमावर बोलणं चाललं होतं म्हणून आर्वीचा विषय निघाला. नारायणगावजवळ आर्वीला १९७१ मध्ये उपग्रह भूकेंद्र झालं. तिथल्या प्रचंड डिशमधून परदेशांचे टेलिफोन जायचे आणि टीव्हीची चित्रंही. त्याच भागात पुढे खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश उभ्या राहिल्या, आकाशातून येणारे क्षीण रेडिओ संकेत ऐकायला, आणि तिथल्या लोकांना आमच्यासारख्या पाठवणाऱ्यांचा त्रास होतो. पुणे जिल्ह्यात एका तासाच्या अंतरात पाठवणारे आणि निव्वळ ऐकणारे दोन्ही. एक फेरी काढायचं ठरलं, पाऊस ओसरल्यावर.

२३ जुलै, बुधवार

राष्ट्रीय प्रसारण दिन. १९२७ साली याच तारखेला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं होतं. मैत्रीण सकाळीच तिच्या स्टुडिओत गेली.

आमच्याकडे आजपासून मल्टिकास्ट. म्हणजे पाठवणाऱ्याने एकच प्रत एका गटाच्या पत्त्यावर सोडायची, ज्याला हवी त्याने गटात नाव नोंदवायचं, आणि वाटेतल्या स्विचने जिथे मागणी आहे तिथेच प्रत काढून द्यायची. कल्पना १९८९ च्या आरएफसी १११२ पासूनची (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धती मांडणारे क्रमांकित दस्तऐवज), म्हणजे माझ्याहून मोठी. दुपारी तीनला चालू केलं. सहा संगणकांवर एकच चित्र, पाठवणाऱ्याच्या बाजूला भार एकाचाच. तिघांनी एकमेकांना टाळ्या दिल्या.

तीन वाजून काही मिनिटांनी सगळी चित्रं एकदम थिजली.

परत चालू केलं. चाललं. परत थिजलं.

२४ जुलै, गुरुवार

अजून तेच. केबल बदलल्या, लॅपटॉप बदलला, फायरवॉल बंद केली. फायरवॉल बंद केल्यावर चाललं असं वाटलं आणि आम्ही निघायची तयारी केली, तोवर थिजलं. संशय सगळ्यांवर घेऊन झाला. मी एफएफएमपेगला दोष देत होते, दादा स्विचला.

२५ जुलै, शुक्रवार

सापडलं. सविस्तर लिहिते, कारण दीड दिवस यात गेलाय.

आज फक्त घड्याळ लावून बसले. चालू केल्यापासून थिजेपर्यंत: ४ मिनिटं २० सेकंद. परत: ४ मिनिटं २० सेकंद. तिसऱ्यांदाही तेच. म्हणजे २६० सेकंद. बिघाड इतका शिस्तीचा असेल तर तो बिघाड नसतो, कुठेतरी कोणीतरी लिहिलेला नियम असतो.

झालं असं. स्विच गटाची नोंद ठेवतो, पण कायमची नाही. जाळ्यात कोणीतरी एकाने, बहुतेक वेळा राउटरने, दर १२५ सेकंदांनी हाक मारायची: "गटात कोण कोण आहात?" ज्यांना हवंय त्यांनी "मी आहे" म्हणायचं. दोन हाका आणि वरचे दहा सेकंद, १२५ अधिक १२५ अधिक १०, इतक्या वेळात उत्तर आलं नाही तर स्विच समजतो की मंडळी उठून गेली, आणि पुरवठा बंद करतो. आमच्या मांडणीत राउटरच नव्हता. हाक मारणारं कोणी नाही, म्हणून उत्तर देणारं कोणी नाही. ऐकणारे सहाच्या सहा जागेवर होते, त्यांना कोणी विचारलंच नाही.

स्विचच्या सेटिंगमध्ये ‘क्वेरियर’ नावाची एक खूण होती, कारखान्यातून बंद आलेली. ती चालू केली. संध्याकाळी सहापर्यंत अखंड चाललं. खालून वडापाव आणला.

संध्याकाळी मैत्रिणीला सांगितलं तर तिने विचारलं, "रेडिओत अशी हाक कोण मारतं?" कोणीच नाही. हा प्रश्न वहीत खाली वेगळा लिहून ठेवलाय.

४ ऑगस्ट, सोमवार

तारेवरचं सुटलं, आता हवेवर. कपाटातले आणि हॉस्टेलमधले मिळून बारा जुने फोन गोळा केलेत, दोघांच्या काचा फुटक्या आहेत पण चालतात.

पहिल्या दिवशी बारापैकी एकाही फोनवर काही आलं नाही. अँड्रॉइड बॅटरी वाचवण्यासाठी मल्टिकास्टची पाकिटं दारातच अडवतो. ॲपने ‘मल्टिकास्ट लॉक’ मागून घ्यावा लागतो. तो घेतला तर नऊ फोन बोलू लागले, उरलेले तीन स्क्रीन चालू असतानाच ऐकतात. ज्या इशाऱ्यासाठी फोन उशाशी झोपलेला असायला हवा, तो इशारा स्क्रीन चालू असतानाच पोचणार असेल तर उपयोग काय?

दुसरी अडचण याहून मुळातली. वाय-फायवर एकाला पाठवलेल्या पाकिटाची पोच येते, नाही आली तर परत पाठवलं जातं. सगळ्यांना पाठवलेल्या पाकिटाला पोच नाही, हरवलं ते हरवलं. शिवाय सगळ्यात लांबच्यालाही ऐकू यावं म्हणून ॲक्सेस पॉइंट ते सगळ्यात संथ वेगाने पाठवतो. २.४ गिगाहर्ट्झवर हा वेग १ एमबीपीएस असू शकतो, आणि आमचा व्हिडिओ आहे १.५ चा. दोन इंची नळातून तीन इंचाची धार काढायला बघत होतो आम्ही. किमान वेग १२ वर नेला, तेव्हा कुठे चित्र हललं. आता हवेतला साधारण आठवा हिस्सा वेळ आमचा, मग फोन बारा असोत की दोनशे. पण कोपऱ्यातल्या जिन्याखाली ठेवलेले दोन फोन या वेगाला पोचत नाहीत.

जवळच्याला चांगलं द्यायचं की लांबच्याला थोडं तरी द्यायचं? प्रसारणवाल्यांना हा प्रश्न रोजचा आहे. आम्हाला आज पहिल्यांदा पडला.

९ ऑगस्ट

राखीपौर्णिमा. काम नाही. दादाला राखी बांधून आले.

२० ऑगस्ट, बुधवार

दोन दिवस पाऊस धरून बसलाय. खडकवासल्यातून विसर्ग वाढवल्याचे मेसेज, नदीपात्रातला रस्ता बंद. लॅबमध्ये आम्ही पाचजण होतो, पाचही फोन टेबलावर ओळीने ठेवले होते. एकच एसएमएस पाच फोनवर वेगवेगळ्या वेळी आला. पहिल्या आणि शेवटच्या फोनमध्ये किती वेळ गेला ते मिनिटांत मोजावं लागलं, आणि एकावर आलाच नाही, कारण त्या मुलीचा नंबर बाहेरगावचा.

एसएमएस म्हणजे पोस्टमन: प्रत्येक पत्त्यावर जाणार, यादीत नाव असेल तरच, रांगेत नंबर लागेल तेव्हा. सेल ब्रॉडकास्ट म्हणजे दवंडी: टॉवरच्या टप्प्यात जो उभा आहे त्याने ऐकावी, नंबर विचारायचा नाही. २०२३ मध्ये देशभर फोन अचानक कर्कश वाजले होते आणि ‘ही चाचणी आहे’ असा मजकूर दिसला होता, ती हीच दवंडी. टेलिफोनच्या जाळ्यात प्रसारण आधीपासून आहे. आपण ते फार कमी वापरतो.

मग मराठीचा हिशेब मांडला. एसएमएसमध्ये १४० बाइट. रोमन अक्षरं १६० बसतात, देवनागरी ७०. तेही अक्षरं नव्हेत, खुणा. ‘विसर्ग’ या तीन अक्षरांना सहा जागा लागतात: व, वेलांटी, स, र, हलन्त, ग. ‘खडकवासला’ला आठ. आणि एफएम रेडिओवर जी आरडीएसची अक्षरपट्टी जाते, ५७ किलोहर्ट्झच्या उपवाहकावरून (आवाजासोबत जाणाऱ्या जास्तीच्या लहरीवरून) सेकंदाला ११८७.५ बिटांनी, तिच्या मूळ अक्षरसंचात देवनागरी नाहीच. नदीकाठच्या वस्तीत ज्या आजीबाईंना हा इशारा सगळ्यात आधी समजायला हवा, त्यांच्या लिपीला सगळ्यात कमी जागा. या गोष्टीचा मला राग येतो, आणि तो प्रबंधातही उतरला पाहिजे.

घरी गेल्यावर आजीशी बोलले. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा ती बारा वर्षांची होती, शनिवार पेठेत राहायची. कसं कळलं विचारल्यावर म्हणाली, "अगं, रस्त्यातनं माणसं ओरडत पळत होती. पाणी आलं, पाणी आलं. तेच आमचं कळणं." मग थोडं थांबून म्हणाली, "आमच्या वाड्यात हाक पोचली. शेजारच्यात उशिरा पोचली." यापुढे ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

दुसरी देवाणघेवाण. या वेळी प्रसारण क्षेत्रातून निवृत्त झालेले एक काका आले होते, मैत्रिणीच्या ओळखीचे. पावसात हडपसरहून दोन बस बदलून आले. त्यांच्यासमोर २५ जुलैचा प्रश्न मांडला: ऐकणारा ऐकतोय का, हे तुम्हाला कळायचं कसं?

काका म्हणाले, "कळायचंच नाही बाळा. म्हणून आम्ही आधीच इतकं घालायचो की सगळ्यात वाईट जागीही पुरावं."

मग खडू घेऊन फळ्यावर डोंगर काढला. जुन्या अँटेनाच्या टीव्हीवर चित्राच्या बाजूला पुसट दुसरं चित्र दिसायचं, त्याला घरोघरी ‘भूत’ म्हणायचे. मनोऱ्यावरून सरळ आलेला संकेत एक, आणि डोंगरावर आपटून थोडा उशिरा आलेला दुसरा. सिंहगडावरच्या मनोऱ्याकडे अँटेना वळवताना छतावरून "आलं का? आता?" असं ओरडणं पुण्यातल्या एका पिढीला पाठ आहे. आजच्या डिजिटल पद्धतीत प्रत्येक चिन्हाच्या (एका वेळी पाठवलेल्या संकेताच्या तुकड्याच्या) आधी थोडी मोकळी जागा सोडतात, उशिरा येणाऱ्या प्रतिध्वनीला टेकायला. काका त्याला ओसरी म्हणाले. पाहुणा ओसरीवर थांबतो, घरातलं काम चालू राहतं.

ओसरी किती मोठी? इथे माझं काम होतं, फळ्यावर मीच मांडलं. रेडिओ लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. फोरजीच्या नेहमीच्या संवादात ही जागा सुमारे ४.७ मायक्रोसेकंदांची, म्हणजे १.४ किलोमीटरच्या फरकापुरती. गल्लीबोळातल्या टॉवरला तेवढी पुरते. उंच मनोऱ्यावरून अख्ख्या जिल्ह्याला पाठवायचं, तेही शेजारच्या मनोऱ्याशी सूर जुळवून, तर ती फारच अपुरी. म्हणून ३जीपीपीच्या (मोबाइल जाळ्यांची मानकं ठरवणारी संस्था) रिलीज १४ मध्ये प्रसारणासाठी २०० मायक्रोसेकंदांची जागा आली, म्हणजे ६० किलोमीटर, आणि रिलीज १६ मध्ये ३००, म्हणजे ९०. पण जागा फुकट मिळत नाही. पहिल्यात चिन्ह ८०० मायक्रोसेकंदांचं, म्हणून पाचातला एक भाग ओसरीतच जातो. दुसऱ्यात चिन्ह ताणून २७०० केलं म्हणून दहातला एकच जातो, पण चिन्ह लांबलं की उपवाहक, म्हणजे मजकूर वाटून घेणाऱ्या शेजारशेजारच्या बारीक लहरी, एकमेकांना खेटून बसतात आणि धावत्या गाडीतला फोन त्यांची गल्लत करतो. घरच्या छतावरच्या अँटेनाला एक माप, पीएमटीतल्या प्रवाशाला दुसरं.

दादा बराच वेळ फळ्याकडे बघत होता. मग म्हणाला, "मी सहा वर्षं हरवलेलं पाकीट परत कसं मागवायचं हे शिकतोय. न मागवता कसं भागवायचं, हे मला कोणी शिकवलंच नव्हतं." आजच्या दिवसाचं फळ हेच.

थेट मोबाइलवर प्रसारणाचाही विषय निघाला. आयआयटी कानपूर आणि प्रसार भारतीचं काम एटीएससी ३.० या डिजिटल टीव्हीच्या मानकावर आहे, जानेवारी २०२४ मध्ये १९ शहरांत चाचण्यांची आणि ४७० ते ५८२ मेगाहर्ट्झ पट्टा राखून ठेवण्याची चर्चा झाली. सिम नको, डेटा नको, टीव्हीसारखं सरळ फोनवर. अडचण फोनच्या आत आहे: त्यासाठी वेगळा रिसीव्हर लागतो. फाइव्हजीवाल्यांचं म्हणणं, आमच्याच मोडेममधून करा. माझं मत विचारलं तर कुठलीही पद्धत येवो, इशारा देवनागरीत आणि सिमशिवाय पोचणं ही पहिली अट असावी, करमणूक नंतर. यावर एकमत झालं नाही. काका म्हणाले, करमणूक नसेल तर यंत्र कोणी घरात ठेवणारच नाही. त्यांनी आयुष्यभर श्रोते पाहिलेत, त्यामुळे मी आग्रह धरला नाही.

७ सप्टेंबर, रविवार

काल अनंत चतुर्दशी. सकाळपासून अलका टॉकीज चौकाजवळ एका ओळखीच्यांच्या गॅलरीत दोन फोन आणि एक लॅपटॉप घेऊन बसलो. दर मिनिटाला एक पिंग, म्हणजे जाळं उत्तर देतंय का हे बघणारी छोटी विचारणा. मानाचा पहिला कसबा गणपती गेला तोवर बरं होतं. गर्दी वाढत गेली तसा उत्तर यायला वेळ लागू लागला आणि रात्री तर बहुतेक पिंग परत आलेच नाहीत. फोनच्या डोक्यावर टॉवरच्या सगळ्या काड्या भरलेल्या, तरी मेसेज जाईना. काड्या भरलेल्या दिसणं आणि जागा मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतकं ठसठशीत पुस्तकात दिसत नाही.

शेजारी त्या घरातल्या आजोबांचा ट्रान्झिस्टर. १०१ मेगाहर्ट्झ, विविधभारती, स्वच्छ. ढोलताशांच्या वर कान लावून ऐकावं लागत होतं, पण खरखर नाही. चौकात हजारोंनी ट्रान्झिस्टर असते तरी तो तसाच वाजला असता.

आज दुपारी हे लिहितेय तेव्हाही मिरवणूक चालूच आहे. झोप नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

काकांचं ‘आधीच इतकं घाला’ आणि दादाची पाकिटं, यांचा मेळ बसवला. रॅप्टरक्यू, म्हणजे हरवलेले तुकडे भरून काढण्याचं गणित, २०११ चा आरएफसी ६३३०. फाइलचे समजा १००० तुकडे. त्यांच्यापासून गणिताने हवे तितके जोडतुकडे बनवता येतात. फोनला कुठलेही १००० आणि वर दोन मिळाले की पूर्ण फाइल उभी राहते, न राहण्याची शक्यता दहा लाखांत एकाहून कमी. कुठले हरवले याला महत्त्व नाही. नळाखाली हंडा ठेवला की कुठले थेंब बाहेर उडाले याची चौकशी कोणी करत नाही, हंडा भरल्याशी मतलब. ऐकणारा उशिरा आला तरी हंडा त्या क्षणापासून भरू लागतो. कोणी हाक मारायची नाही, कोणी पोच द्यायची नाही.

मराठी मजकूर, मराठीत बोललेला अर्ध्या मिनिटाचा आवाज आणि नदीकाठाचा एक नकाशा, असं मिळून एक गाठोडं केलं. आवाज मैत्रिणीने तिच्या स्टुडिओत भरला. तिने तीनदा परत भरला, कारण पहिल्या दोनांत ‘तात्काळ स्थलांतर करावे’ असं होतं आणि तिला ‘लगेच निघा, वर चला’ हवं होतं.

बारा फोन. दहांवर गाठोडं सुटलं. जिन्याखालच्या दोनवर नाही. वेग १२ वरून ६ वर आणला, जोडतुकडे वाढवले, चक्र फिरतं ठेवलं. अकरा. बाराव्या फोनशेजारी मी जमिनीवर बसून राहिले. आकडा ९९० च्या पुढे सरकेना, मग ९९७, ९९९. हजार दोनला फोन बोलला, जिन्याच्या पोकळीत मैत्रिणीचा आवाज घुमला: लगेच निघा, वर चला. वरून एक शिपाईकाका धावत खाली आले, काय झालं विचारायला.

त्यांची माफी मागितली. मग त्यांना सगळं समजावून सांगितलं, आणि त्यांनी विचारलं, "माझ्याकडं बटनाचा फोन आहे, त्याच्यावर येतंय का?" येत नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

तिसरी देवाणघेवाण. आमचं काम मांडलं, बारा फोन टेबलावर ठेवून. आमचा प्रश्न परत सांगायची पाळी कायद्याच्या एका विद्यार्थ्याकडे आली. तो म्हणाला, "यांना असं जाळं हवंय जे कोण ऐकतंय हे न विचारता सगळ्यांना सांगेल." आम्ही तिघं याहून थोडक्यात कधी सांगू शकलो नव्हतो. वाक्य प्रबंधाच्या पहिल्या पानावर घेणार, त्याची परवानगी घेतली.

स्क्रीन बंद असताना न ऐकणारे तीन फोन अजून तसेच आहेत. दादाला वाटतं की ते फोनच्या वाय-फाय चिपमध्येच अडतंय. १२ तारखेच्या चाचणीत आम्ही बाराही फोनच्या स्क्रीन चालू ठेवल्या होत्या, हे प्रबंधात ठळक लिहायचं.

बटनाच्या फोनचं: त्यात एफएम असतो. आरडीएसमधून निदान एक खूण पाठवता येईल का, जिच्यावर रेडिओ स्वतःहून जागा होईल आणि तो आवाज वाजेल? हवेत सोडायला परवाना लागतो आणि आमच्याकडे तो नाही, त्यामुळे प्रयोग केबलने जोडून, मध्ये क्षीणक (संकेत मंद करणारा जोड) घालूनच करायचा. ऐकायला आरटीएल-एसडीआरची डोंगल (लॅपटॉपला लावायचा छोटा रेडिओ) पुरेल. तीसुद्धा मुळात टीव्ही बघण्यासाठी बनलेली वस्तू. सोमवारी बुधवार पेठेतून ३० डीबीचे दोन क्षीणक आणायचे, बीएनसीच्या केबल तपासून घ्यायच्या, आणि शिपाईकाकांचा फोन दोन दिवसांसाठी मागायचा.